आइस हॉकीचे गोली (गोलकीपर) एवढी वर्षं उघड्या तोंडाने का उभे राहिले?

मिसिसागाकर
कॅनडात राहून हॉकी टाळू म्हटलं तरी टळत नाही. शेजारी, ऑफिस, मुलांची शाळा, सगळीकडे तोच विषय. सुरुवातीला मी गोल कोणी मारला एवढंच बघायचो. आता नजर गोलीवरून हलत नाही. बाकीचे पाच जण पाऊण मिनिट जीव तोडून पळतात आणि बाकावर येऊन बसतात. हा मात्र साठ मिनिटं तिथेच. मॉन्ट्रिआल कॅनेडियन्सचा गोली जाक प्लांट म्हणायचा तेच खरं: चूक झाली की डोक्यामागे लाल दिवा लागतो आणि अठरा हजार माणसं बोंबलतात, असली नोकरी कोण करेल?

तर माझा प्रश्न याच प्लांटवरून आहे. एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) सुरू झाली १९१७ साली. प्लांट मास्क घालून उतरला १ नोव्हेंबर १९५९ ला. म्हणजे बेचाळीस वर्षं पायाला पॅड, हाताला ग्लोव्ह, छातीला संरक्षण आणि तोंडाला काहीच नाही! टेरी सॉचक या गोलीच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत ४०० च्या वर टाके पडले म्हणतात. त्याचे फोटो बघवत नाहीत. 'मर्दानगी' हे उत्तर सगळे देतात, मला ते पुरेसं वाटत नाही. जाणकारांनी लिहावं. विषयांतराला मुभा आहे.

चिंगी_७
पक म्हणजे नक्की काय असतं? चेंडू नसतो एवढंच माहीत आहे.

मिसिसागाकर
@चिंगी_७, कडक रबराची चकती. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन १७० ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूएवढं किंवा जरा जास्तच. सामन्याआधी गोठवून ठेवतात, त्यामुळे बर्फावर उसळत नाही. आजचे चांगले शॉट ताशी १५० किलोमीटरच्या वर जातात.

अण्णा खडकीवाले
आमची हॉकी गवतावरची आणि नंतर टर्फवरची. धनराज ज्या खडकीचा, त्याच खडकीत आम्ही वाढलो, त्यामुळे बर्फावरच्या या धिंगाण्याला हॉकी म्हणायला जीभ रेटत नाही. पण मुद्द्याचं बोलतो. आमचा गोल १२ फूट रुंद, ७ फूट उंच. यांचा ६ बाय ४. त्यात गादीसारखे पॅड बांधलेला माणूस उभा केला की उरतं काय? श्रीजेशने टोकियोत जर्मनीविरुद्ध शेवटच्या सेकंदांत पेनल्टी कॉर्नर अडवला आणि ४१ वर्षांनी पदक आणलं, त्याला म्हणतात गोलकीपर.

बर्फातला_बंड्या
अण्णा, श्रीजेशबद्दल दुमत नाही, पण 'उरतं काय' हे तिथे उभं राहून बोला :)

मी कॅलगरीत हौशी लीगमध्ये गोली आहे. हौशी म्हणजे रात्री साडेदहाचा बर्फ, पोटं सुटलेली माणसं आणि सामन्यानंतर बिअर. तरीही सांगतो, पक येताना दिसतच नाही. समोर आपल्याच संघाचे दोघे, त्यांचे दोघे, सगळे मुद्दाम तुमच्या डोळ्यांसमोर ढुंगण करून उभे. लांबच्या निळ्या रेषेवरून (ब्ल्यू लाइन) कोणीतरी मारतो, मध्ये कोणाच्या तरी काठीला लागून दिशा बदलते. तुम्ही फक्त जागा अंदाजाने झाकता. गोलीचं निम्मं काम पाय टाकण्याचं नसून कोनाचं असतं. रेषेवर उभं राहिलात तर गोल केवढा मोठा, चार फूट पुढे सरकलात तर मारणाऱ्याला जाळी दिसेनाशी होते. फार पुढे गेलात तर तो तुम्हाला वळसा घालून रिकाम्या गोलात टाकणार.

आणि तो अवतार चढवायला मला वीस मिनिटं लागतात. आधी गुडघ्याचे, मग स्केट, मग पॅड. पॅडचे पट्टे खालून वर बांधायचे, बुटाचा सैल ठेवायचा, नाहीतर गुडघा टेकल्यावर पॅड फिरत नाही. मग छातीचं, मग मास्क, डाव्या हातात ट्रॅपर (पक झेलायचा ग्लोव्ह), उजव्या हातात ब्लॉकर (पक अडवायचा सपाट ग्लोव्ह) आणि काठी. ब्लॉकर घालायच्या आधी पाणी प्यायचं विसरलं की संपलं. घामाचा वास असा, की बायकोने सगळं सामान गॅरेजबाहेर काढलंय.

एक फायदा: आमच्या लीगमध्ये सगळे पैसे भरतात, गोली फुकट. कारण कोणी मिळतच नाही!

गल्लीबोळ
फुकट म्हटल्यावर आपली माणसं रांग लावतील. पुण्यातून आत्ताच चौघे निघाले.

इतिहासाचार्य
धागाकर्त्याच्या तारखेत थोडी भर घालतो. एनएचएलमधला पहिला मास्क प्लांटचा नाही. १९३० साली मॉन्ट्रिआल मरून्सच्या क्लिंट बेनेडिक्टच्या तोंडावर हाउई मोरेंझचा शॉट बसला, नाक मोडलं. परतला तेव्हा त्याने चामड्याचा मास्क लावला. पण त्याच्या नाकावरच्या भागामुळे खालचे शॉट दिसेनात, म्हणून काही सामन्यांत टाकून दिला. त्याच मोसमाबरोबर त्याची एनएचएल कारकीर्द संपली. त्याच्याही आधी, १९२७ मध्ये क्वीन्स विद्यापीठाची एलिझाबेथ ग्रॅहम ही गोली तलवारबाजीचा मास्क लावून खेळली होती.

बेनेडिक्टची दुसरी करामत जास्त मोठी आहे. सुरुवातीला गोलीने उभं राहूनच अडवायचं असा नियम होता. मुद्दाम खाली पडला तर शिक्षा. हा गडी दर वेळी 'चुकून' घसरायचा. गुडघ्यावर बसलेला दिसायचा म्हणून लोक त्याला 'प्रार्थना करणारा बेनी' म्हणायचे. शेवटी जानेवारी १९१८ मध्ये, लीगच्या पहिल्याच मोसमात, नियम बदलला आणि गोलीला खाली पडायची मोकळीक मिळाली. आज बंड्या गुडघे टेकून जे करतो ते १९१७ मध्ये गुन्हा होता.

आणि आता अण्णांसाठी खास. त्यांच्या 'गाद्या' मुळात क्रिकेटच्या आहेत. फेब्रुवारी १८९६ मध्ये विनिपेग व्हिक्टोरियाजचा गोली जॉर्ज मेरिट स्टॅन्ली कपच्या (इथल्या हॉकीतला सर्वांत मोठा चषक) सामन्यात क्रिकेटचे पॅड बांधून आला आणि एकही गोल होऊ दिला नाही, २-०. पुढे हॅमिल्टनच्या एमिल केनेस्की नावाच्या खोगीर-लगाम बनवणाऱ्या कारागिराच्या लक्षात आलं की क्रिकेटचे पॅड गोलाकार असल्याने पक त्यांना लागून थेट जाळीतच जातो. त्याने १९२४ च्या सुमारास पुढून सपाट आणि बारा इंच रुंद पॅड शिवले. पुढची कित्येक दशकं एनएचएलचे गोली त्याच्याच दुकानाचे पॅड वापरत होते.

लेहवाला_फौजी
क्रिकेटच्या पॅडवरून आठवलं. लेहला पोस्टिंग असताना गोठलेल्या तळ्यावर पोरांचे सामने बघितलेत. गोलीच्या पायाला क्रिकेटचे पॅड, वर फौजी जॅकेट, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. बर्फ नैसर्गिक, त्यामुळे डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच मोसम. त्याच भागातल्या मुलींनी २०२५ मध्ये आशिया कपात भारताला कांस्य मिळवून दिलं. आपल्याकडे बातमी चार ओळींची आली.

अण्णा खडकीवाले
याला मात्र सलाम. हॉकी म्हणायला हरकत नाही.

मुक्ता_आ
मूळ प्रश्नाकडे. बेनेडिक्टने १९३० मध्ये मास्क आणला आणि तो कोणी उचलला नाही, मग 'कल्पना सुचली नव्हती' हे कारण बाद. 'दिसत नाही' हे कारण काही अंशी खरं. पण मला वाटतं खरा अडसर प्रशिक्षक होते. १ नोव्हेंबर १९५९ ची रात्रच बघा. न्यू यॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा शॉट प्लांटच्या तोंडावर. आत नेऊन टाके घातले. सामना वीसेक मिनिटं खोळंबला, कारण त्या काळी संघाकडे दुसरा गोलीच नसायचा. प्रशिक्षक टो ब्लेक मास्कच्या सक्त विरोधात. मास्क लावला की माणूस सावध राहत नाही, असं त्याचं मत. प्लांट सरावात मास्क वापरायचाच. तो म्हणाला, मास्क लावू दिलात तरच बर्फावर येतो. ब्लेककडे दुसरा पर्याय कोण होता? प्रेक्षागृहात बसलेला एखादा हौशी गोली. प्लांट मास्क लावून परतला, संघ ३-१ जिंकला, आणि पुढचे दहा-अकरा सामने हरलाच नाही. त्या वसंतात पाचवा सलग स्टॅन्ली कप.

गल्लीबोळ
ब्लेकसाहेब पुण्याचे असावेत. नीट दिसत नाही, मान अवघडते, सवय नाही, आणि लावला की माणूस बेफिकीर होतो. हेल्मेटसक्तीविरुद्धच्या मोर्चातली सगळी भाषणं आली.

पुणेरी_पाटी
वैयक्तिक टीका टाळावी. हेल्मेटने केस जातात हे राहिलं.

इतिहासाचार्य
हसण्यावारी नेऊ नका, आपल्या क्रिकेटमध्ये हेच झालं. १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू लागून नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, जीव जाता जाता वाचला. हेल्मेट यायला त्यानंतरही पंधरा वर्षं गेली, पॅकरच्या मालिकेपर्यंत. आणि आपला गावसकर वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उघड्या डोक्यानेच उभा राहिला, नंतर फार तर कवटीपुरती टोपी घातली.

डॉक्टर_काका
गावसकरला पर्याय होता आणि त्याने तो नाकारला. १९५० च्या गोलीला पर्याय होता का, हा फरक आहे. शिवाय बॅट्समन पुढच्या ओव्हरला दुसऱ्या टोकाला असतो.

जरा गंभीर लिहितो. मास्क आला तरी धोका संपत नाही. २२ मार्च १९८९ ला बफेलो सेबर्सच्या क्लिंट मलार्चकच्या गळ्यावर गोलसमोरच्या झटापटीत स्केटचं पातं फिरलं. रक्त बर्फावर. संघाचा प्रशिक्षणसहायक जिम पिझुटेली व्हिएतनाम युद्धात सैन्याच्या वैद्यकीय पथकात होता. त्याने मानेत बोटं घालून शीर दाबून धरली म्हणून माणूस जगला. ३०० च्या आसपास टाके. आणि दोन आठवडेही झाले नसतील, मलार्चक पुन्हा बर्फावर! तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे त्याला मानसिक आजाराने किती ग्रासलं हे त्यानेच उघडपणे सांगितलंय. आज असा रुग्ण आला तर मी त्याला इतक्यात मैदानावर सोडणार नाही, त्याने कितीही हट्ट केला तरी.

बर्फातला_बंड्या
गोली मुळात सरळ डोक्याचे नसतातच, हे आमच्यात अभिमानाने सांगतात. प्लांट फावल्या वेळात लोकरीच्या टोप्या विणायचा. पॅट्रिक रॉय गोलच्या खांबांशी बोलायचा. ग्लेन हॉल सामन्याआधी ओकायचा. रोज. आणि तोच माणूस सलग ५०२ सामने एकही न चुकवता खेळला, १९५५ ते १९६२, सगळे मास्कशिवाय! ही मालिका तुटली कशाने? पायाचा पट्टा बांधायला वाकला आणि पाठ धरली.

चिंगी_७
५०२!! हे मोडलं का कोणी?

आकडेमोड्या
कोणी मोडू शकत नाही. आज एक गोली मोसमातल्या ऐंशीहून अधिक सामन्यांपैकी ५५-६० खेळला तरी खूप झालं. दोन गोली गणवेशात हवेतच हा नियम १९६५ च्या सुमारास आला, तिथून एकांड्या गोलीचा जमाना संपला.

विक्रमांचंच निघालंय तर: कारकिर्दीत ६९१ विजय आणि १२५ शटआउट (एकही गोल न खाल्लेले सामने), दोन्ही मार्टिन ब्रोडरचे. त्याआधी सॉचकचे १०३ शटआउट जवळजवळ चाळीस वर्षं टिकले होते. आणि १९२८-२९ मध्ये जॉर्ज हेन्सवर्थने ४४ सामन्यांत २२ शटआउट केले, पण तेव्हा पुढे पास द्यायला बंधनं होती, गोलच होत नव्हते. म्हणून मी शटआउटपेक्षा अडवण्याची टक्केवारी बघतो. ऐंशीच्या दशकात लीगची सरासरी ८७-८८ टक्के होती, २०१४-१५ ला ९१ च्या वर गेली, आता पुन्हा ९० च्या आसपास उतरलीय. दोन-तीन टक्के म्हणजे किरकोळ वाटतं, पण सामन्याला तीस शॉट धरले तर जवळपास एक गोल.

टोरांटोची_काकू
तुम्ही सगळे दिग्गजांवरच अडकलात. डेव्हिड एअर्सचं कोणीच लिहिलं नाही! २२ फेब्रुवारी २०२०, आमच्या टोरांटोतला सामना, मेपल लीफ्स विरुद्ध कॅरोलायना. कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी. तेव्हा नियम असा की यजमान संघाने एक आणीबाणीचा गोली स्टेडियममध्ये तयार ठेवायचा, जो कोणत्याही संघाला लागला तर जाईल. त्या रात्री एअर्स होता. वय ४२, बर्फ सारखा करणारी झँबोनी गाडी चालवलेला माणूस, आणि २००४ मध्ये आईची किडनी बसवलेली. आत आला, पहिले दोन शॉट थेट जाळीत. आम्ही घरी टीव्हीसमोर, लीफ्सचे पाठीराखे म्हणून टाळ्या पिटतोय. मग पुढचे आठच्या आठ अडवले त्याने! कॅरोलायना ६-३ ने जिंकली. आमचे हे रिमोट फेकून झोपायला गेले. मी मात्र त्याच्यासाठी रडले.

नास्तिक_नारद
काकू, गोष्ट गोड आहे, पण यातून एवढंच सिद्ध होतं की व्यावसायिक गोली ही भूमिका आपण उगाच डोक्यावर घेतो. बेचाळीस वर्षांचा हौशी येऊन जिंकून जातो. २०१८ मध्ये शिकागोकडून स्कॉट फॉस्टर नावाचा अकाउंटंट उतरला होता, त्यानेही सातच्या सात अडवले. बॅट्समन म्हणून अकाउंटंट पाठवा बरं कसोटीत.

आकडेमोड्या
@नारद, दोघे मिळून सतरा शॉट, पंधरा अडवले. सतरा शॉटवरून कोणाची पात्रता ठरत नाही. शिवाय एअर्सच्या रात्री कॅरोलायनाच्या बचावफळीने शेवटी लीफ्सला फारसे शॉट मारू दिले नाहीत, ते श्रेय त्यांचं.

इतिहासाचार्य
याचा आजोबा म्हणजे लेस्टर पॅट्रिक. एप्रिल १९२८, स्टॅन्ली कपची अंतिम फेरी, रेंजर्स विरुद्ध मरून्स. रेंजर्सचा गोली लॉर्न शाबो डोळ्याला लागून बाहेर. प्रतिस्पर्ध्यांनी दुसरा गोली घ्यायला नकार दिला, म्हणून ४४ वर्षांचा प्रशिक्षक स्वतः पॅड बांधून उभा राहिला. एक गोल खाल्ला, सामना जादा वेळेत २-१ ने जिंकला, आणि पुढे कपही. मरून्सचा गोली कोण होता सांगा? आपला 'प्रार्थना करणारा' बेनेडिक्ट.

बर्फातला_बंड्या
नारदराव, २ डिसेंबर १९९५ चा सामना शोधून बघा. पॅट्रिक रॉय, त्या घडीचा जगातला सर्वोत्तम गोली म्हणा हवं तर. डेट्रॉइटने त्याच्यावर नऊ गोल चढवेपर्यंत प्रशिक्षकाने बाहेर काढलं नाही. मॉन्ट्रिआलचे स्वतःचे प्रेक्षक त्याची टर उडवतायत. शेवटी काढलं, तेव्हा तो बाकामागे बसलेल्या संघाच्या अध्यक्षाकडे गेला आणि सांगितलं, इथला हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांत कोलोरॅडोला गेला आणि त्याच मोसमात त्यांना कप जिंकून दिला. एक गोली बदलला की संघ कुठल्या कुठे जातो.

आकडेमोड्या
सर्वोत्तम गोली चेक देशाचा डॉमिनिक हाशेक. चर्चा संपली. हार्ट ट्रॉफी, म्हणजे अख्ख्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू, दोनदा जिंकणारा एकमेव गोली. नागानो ऑलिंपिक १९९८, कॅनडाविरुद्ध शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर एकेकाने गोलीसमोर मारायचे शॉट) पाचही अडवले.

बर्फातला_बंड्या
हाशेकची शैली शिकवता येत नाही, रॉयची येते. आज प्रत्येक पोरगं गुडघे आत वळवून दोन्ही पॅड बर्फावर पसरतं, ते बटरफ्लाय. सुरुवात हॉलची, पण घरोघरी नेलं रॉयने. हाशेक काठी टाकून द्यायचा, पाठीवर लोळायचा, पाय हवेत! ते बघायचं, करायचं नाही. माझे कंबरेचे सांधे बटरफ्लायनेच गेलेत, ती गोष्ट वेगळी.

मिसिसागाकर
हाशेक-रॉय वेगळा धागा काढा, इथे रक्तपात नको. माझ्या प्रश्नाला मुक्ताताईंनी अर्धं उत्तर दिलंय. पण प्रशिक्षक आडवे येत होते तर सगळ्या गोलींनी मिळून का नाही सांगितलं?

एक मत ऐकलंय की पन्नाशीच्या दशकापर्यंत शॉट बहुतेक खालूनच यायचे, स्लॅप शॉट (काठी मागे उचलून जोरात हाणलेला) रुळल्यावर पक तोंडापर्यंत यायला लागला. प्लांटच्याच संघातला 'बूम बूम' जेफ्रियन या शॉटसाठी प्रसिद्ध, म्हणजे रोज सरावात तो समोर.

मुक्ता_आ
स्लॅप शॉटचा वाटा असेल, पण बाथगेटचा तो शॉट स्लॅप नव्हताच. थोड्या वेळापूर्वी प्लांटने त्याला पाडलं होतं, म्हणून जवळून मुद्दाम तोंडावर उचलला, असं बाथगेटनेच नंतर सांगितलंय.

'मिळून का नाही' याचं उत्तर नोकऱ्यांमध्ये आहे. १९४२ ते १९६७ लीगमध्ये संघ सहा. प्रत्येकी एक गोली. म्हणजे अख्ख्या उत्तर अमेरिकेत या कामाच्या अव्वल जागा सहा, आणि खालच्या लीगमध्ये वाट बघणारे ढीगभर. सॉचकने १९५५ मध्ये डेट्रॉइटला कप जिंकून दिला आणि त्याच उन्हाळ्यात त्याला बॉस्टनला विकलं, कारण तरुण हॉल तयार होता. १९५७ मध्ये टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना काढायचा प्रयत्न केला, तर त्याची रवानगी शिकागोला, सोबत हॉलचीही. अशा वातावरणात 'मला चेहऱ्याची भीती वाटते' हे मालकाला कोण सांगणार? प्लांट सांगू शकला, कारण त्याच्या नावावर सलग चार कप आणि गोलींना मिळणाऱ्या सलग चार व्हेझिना ट्रॉफी होत्या. बेनेडिक्टने सांगितलं तेव्हा तो उतरणीला लागला होता.

नास्तिक_नारद
युक्तिवाद चांगला आहे, पण एक भोक आहे. १९६७ ला संघ सहाचे बारा झाले, नोकऱ्या दुप्पट, शिवाय प्रत्येक संघात दोन गोली. तरी गंप वॉर्स्ली मास्कशिवाय खेळतच राहिला. माझा चेहरा हाच माझा मास्क, म्हणायचा. १९७४ मध्ये अगदी शेवटच्या काही सामन्यांत घातला. आणि पिट्सबर्गचा अँडी ब्राऊन त्याच वर्षी एप्रिलमध्ये उघड्या तोंडाने खेळला, एनएचएलमधला शेवटचा. त्यांना कोणता मालक अडवत होता?

मुक्ता_आ
कोणीच नाही. तिथे सवय आणि ऐट, मान्य. पण ते दोघे अपवाद होते. तोवर बाकी सगळे मास्कमध्ये गेले होते, आणि तेही पंधरा वर्षांत. नियम करावा लागला नाही. मनाई उठल्याबरोबर लोक आपणहून गेले, म्हणजे बहुतेकांना तो आधीपासून हवाच होता.

डॉक्टर_काका
+१. शिवाय बॉस्टनच्या जेरी चीव्हर्सने मास्कवर जिथे जिथे पक लागला तिथे तिथे टाके रंगवून घेतले होते. मास्क नसता तर हे टाके तोंडावर असते, हे आख्ख्या लीगला दिसत होतं. माझ्या मते मास्कची याहून चांगली जाहिरात झाली नाही.

टोरांटोची_काकू
हो हो, तो काळ्या टाक्यांचा पांढरा मास्क! माझ्या नातवाने हॅलोविनला तोच घातला होता, शेजारणीला वाटलं भुताचा आहे.

गल्लीबोळ
बंड्या, त्या फुकट लीगचा पत्ता व्यनि करा. पॅड भाड्याने मिळतात का?

बर्फातला_बंड्या
@गल्लीबोळ, केलाय व्यनि. पॅड माझे जुने देतो, वास तुमचा तुम्ही बघा. स्केटिंग येतं ना?

गल्लीबोळ
ते शिकायचं असतं का वेगळं?